बापाकडचा साक्षीदार

न्यायमूर्ती फुल्क द मारेन यांना इंग्रजी येत नव्हती. म्हणजे येत नाही असं ते सांगत, आणि राजाचा न्यायाधीश सांगतो त्याला खोटं कोण म्हणणार? इंग्लंडवर तेव्हा समुद्रापलीकडून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य होतं. म्हणून दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन, आणि घोड्याला हाकायलासुद्धा फ्रेंचच. घोडा बिचारा यॉर्कशायरचा, पण त्यालाही कळू लागली होती.

खरं सांगायचं तर हा गडी मारेनचाही नव्हता आणि फुल्कही नव्हता. हा आमच्या थिसलकोटचा वुल्मार, मेंढ्या राखणाऱ्या ऑर्डगारचा धाकटा पोरगा. मठातल्या साधूंनी त्याचं डोकं बघून त्याला शिकायला नेलं, तो गेला तो गेलाच. मठातून बिशपच्या कचेरीत, कचेरीतून राजाच्या खजिन्यात, तिथून न्यायासनावर. दर पायरीला नाव थोडं थोडं फ्रेंच होत गेलं. शेवटी तर समुद्रापलीकडे एक आजोबाही सापडले, गढीसकट. मेलेल्या आजोबांचं एक बरं असतं, ते नाही म्हणायला येत नाहीत.

आता वेस्टमिन्स्टरला, राजाच्या दरबारी, सर्वांत वरच्या न्यायाधीशाची खुर्ची रिकामी झाली होती. यंदाचा गावोगावचा न्यायनिवाड्याचा दौरा आटोपला की ती फुल्कला मिळणार हे ठरल्यातच जमा होतं. अडचण एकच. त्या खुर्चीवर टपलेले आणखी तिघे त्याच्या आजोबांची चौकशी करत फिरत होते. मेंढपाळाचं पोर म्हणून एकदा बोभाटा झाला असता, तर खुर्ची राहिली बाजूला, आहे तेही गेलं असतं.

म्हणूनच आमच्या परगण्याचा दौरा तो वर्षानुवर्षं टाळत आला होता. कधी ताप, कधी गुडघा. पण या खेपेला जोडीदार न्यायमूर्तींनी आधी अंथरूण धरलं, आणि दोघांनी एकदम आजारी पडायची दरबारात पद्धत नव्हती. आलीया भोगासी असावे सादर, दुसरं काय!

तालुक्याच्या मोठ्या दिवाणखान्यात न्यायसभा भरली. फुल्कच्या शेजारी त्याचा कारकून पिको. हा खरा नॉर्मंडीचा, नाकासमोर चालणारा. इंग्रजी मात्र पोपटासारखी शिकलेला. लोक इंग्रजीत बोलत, पिको त्याचं फ्रेंच करून सांगे, आणि प्रत्येक वेळी सुरुवात तीच, “महाराज, साक्षीदार म्हणतो...” फुल्कला जे कळलेलंच असे ते पुन्हा कळेपर्यंत तोंड कोरं ठेवून बसावं लागे. पण त्यात त्याचा हातखंडा होता.

तिसऱ्या प्रहरी पिकोनं पुकारा केला, “गाव थिसलकोट. ओढ्याकाठी सापडलेलं प्रेत. सीवर्ड, ऑर्डगारचा मुलगा. मारेकरी फरार.”

 सीवर्ड म्हणजे फुल्कचा थोरला भाऊ. मठात जाताना धाकटा वुल्मार रडत होता, तर सीवर्डनं त्याला खांद्यावर बसवून डोंगर ओलांडला होता आणि वाटभर शीळ घालून हसवत नेलं होतं. तो मेला हे फुल्कला भर सभेत कळलं, आणि चेहरा हलवायची सोय नव्हती. पिकोनं तेच फ्रेंचमध्ये पुन्हा सांगितलं. म्हणजे भाऊ दोनदा मेला.

राजाचा कायदा असा होता, की मारेकरी सापडला नाही तर मेलेला माणूस नॉर्मन धरायचा. नॉर्मन मेला म्हणजे सगळ्या गावाला दंड. मेलेला इंग्रज असेल तर मात्र कुणाचं काही जात नव्हतं, इंग्रजांनी खुशाल मरावं. पण तो इंग्रज होता हे नातलगांनी शपथेवर सांगायला हवं, आईकडचं एक आणि बापाकडचं एक. गावातल्या शंभर जणांनी ‘आम्ही ह्याला शेंबडा असल्यापासून ओळखतो’ म्हटलं तरी त्याला किंमत शून्य.

गावप्रमुख गॅमेल टोपी चुरगाळत पुढं आला. दंड बसला तर नांगराचे बैल जातील, पेरणी तोंडावर आली आहे, असं त्यानं विनवून सांगितलं. सीवर्ड नॉर्मन कुठला, त्याला तर धड जोडेसुद्धा नव्हते, असंही म्हणाला. पिकोनं जोड्यांचंही भाषांतर केलं.

“आईकडून कोण?” फुल्कनं फ्रेंचमध्ये विचारलं.

“मी,” गर्दीतून आवाज आला. “मीच आई.”

एल्वेवा म्हातारी काठी टेकत पुढं आली. वाकली होती, पण डोळे शाबूत. तिनं शपथ घेतली आणि मान वर करून न्यायासनाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. लेकरू कितीही मखमल पांघरून बसलं तरी आईला काय सांगावं लागतं? फुल्कनं समोरचा कागद वाचायला घेतला. तो उलटा होता.

“बापाकडून?” पिकोनं विचारलं.

ऑर्डगार केव्हाच वारला होता, आणि त्याच्या बाजूचं गावात कुणी उरलं नव्हतं. फुल्कची पाचावर धारण बसली. म्हातारीनं नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं.

“एक भाऊ होता,” ती म्हणाली. “तो मेला.”

“महाराज, साक्षीदार म्हणते, एक भाऊ होता, तो मेला.”

फुल्क सुटला. आता दंड ठोठावायचा, बैल जातील, आणि आपण वेस्टमिन्स्टरला. आईनं आपल्याला वाचवलं की पुरलं हे त्याला कळेना. निकाल द्यायला त्यानं तोंड उघडलं. पण पिको होता ना! कुठलंही मरण चौकशीवाचून सोडायचं नाही, हे फुल्कनंच त्याला घोटून शिकवलं होतं.

“कुठे मेला? प्रेत पहिल्यांदा कुणी पाहिलं?”

“मीच पाहिलं,” म्हातारी म्हणाली. “आत्ता. इथंच.”

पिकोला वाटलं, म्हातारी चळली. पण कायदा म्हणजे कायदा. “मग आरोळी का नाही ठोकलीस? प्रेत पाहणाऱ्यानं आरोळी ठोकायची, ऐकेल त्या प्रत्येकानं ती उचलायची. नाही उचलली तर दंड.”

हे कलम म्हणजे फुल्कचं लाडकं. सहा परगण्यांत त्यानं त्यावर लोकांना नागवलं होतं.

“चुकलंच माझं,” एल्वेवा म्हणाली. “ठोकते की.”

आणि तिनं कपाळाशी हात नेला, संध्याकाळी उतरणीवरच्या पोराला घरी बोलवावं तशी छाती भरून हाक मारली, “वुल्माऽऽर!”

गॅमेलला काही उमगलं नाही. पण मागच्या खेपेला न ओरडल्याचा दंड त्यानंच भरला होता. तो ओरडला, “वुल्माऽऽर!” मग थिसलकोट ओरडलं. मग शेजारची गावं ओरडली, उगीच आपल्यावर नको म्हणून. दारातले भालेवाले ओरडले, बाहेर पाव विकणारी बाई ओरडली. वुल्मार कोण, मेला कसा, कुणाला पत्ता नाही. फुल्कनं गप्प करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. लोक त्याचाच कायदा पाळत होते, त्यांना गप्प कुठल्या तोंडानं करणार?

दम लागून एकेक थांबला. म्हातारी तेवढी राहिली. तिचा आवाज फाटला होता.

“वुल्मार, अरे, कुठं आहेस रे?”

“आलो गं, आई.”

अस्सल थिसलकोटची इंग्रजी. मेंढपाळाच्या पोराची. ती न्यायासनावरून आली.

 पिको सवयीनं न्यायमूर्तींकडे वळला आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, “महाराज, साक्षीदार म्हणतो, ‘आलो, आई.’” मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो पांढराफटक पडला.

सगळ्यात आधी हिशेब लागला तो गॅमेलला. बैलांचा प्रश्न होता ना. “आईकडची एक, बापाकडचा एक,” तो घुटमळत म्हणाला. “झाले की दोन. लिहून घ्या, साहेब.”

फुल्क ओंजळीत तोंड खुपसून रडत होता. पिकोनं दौतीत पीस बुडवलं.  मग हळूच विचारलं, “साक्षीदाराचं नाव काय लिहू?”

“वुल्मार,” तो इंग्रजीत म्हणाला. “ऑर्डगारचा मुलगा. सीवर्डचा भाऊ.”