सिम्बोकचा हजारावा दिवस

एक मार्चला सकाळी बापाकनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, चष्मा नाकावर सारला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. बोट बराच वेळ तिथंच राहिलं, म्हणून भाताचं पातेलं उतरवून मी बघायला गेले.

एकोणतीस तारीख. आकडा लाल, कारण गुड फ्रायडेची सरकारी सुटी. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक हिरव्या शाईत रमजानची अठरावी तारीख. आणि खाली आमच्या जुन्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वार, क्लिवोन. शुक्रवार आणि क्लिवोन पस्तीस दिवसांतून एकदा एकत्र येतात. त्या दिवशी आमच्या गावातली शहाणीसुरती माणसंही दिवेलागणीनंतर केळीच्या बागेतून एकटी जात नाहीत.

"न्दुक," लेकीला मारायची हाक मारून बापाक मला म्हणाले, "तुझ्या आईचा हजारावा दिवस इथं येतोय."

शेजारची यु तुमिरा केळीची पानं द्यायला आली होती. तिनं मान लांब करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "तुझी आई म्हणजे ना! जिवंतपणी बाजारात एकालाही भाव करताना सोडलं नाही. आता तीन-तीन कॅलेंडरांना एकदम कोंडीत धरलंय."

बापाक हसले नाहीत.

माणूस गेल्यावर आम्ही तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा दिवस करतो, मग पहिलं आणि दुसरं वर्ष. शेवटचा हजारावा. त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना चटईवर बसवून बोकडाचं जेवण घालायचं, प्रार्थना करायची आणि गेलेल्याला कायमचा निरोप द्यायचा. त्यानंतर पुन्हा बोलवायचं नाही. पण गुड फ्रायडेला आम्ही कॅथलिक मटण खात नाही, आणि निम्मं गाव रोज्यावर. जेवण घालायचं कुणाला आणि कसलं?

"पुढं ढकला ना," यु तुमिरा म्हणाली. "पाद्रीबाबा हो म्हणतील, मशिदीचे पाक मोदिनही हो म्हणतील. दोघांनाही जेवायला आवडतं."

"नऊशे नव्व्याण्णव दिवस तिला थांबवून ठेवायचं," बापाक म्हणाले, "आणि निघायच्या दिवशी सांगायचं, जरा पुढच्या आठवड्यात ये? एकदा ती एकटी गेली, तुमिरा. दुसऱ्यांदा नाही. पोरगा गुनार्सोही पाहिजे, न्दुकही पाहिजे. एका चटईवर."

यु तुमिरानं पानं खाली ठेवली. तो साथीचा जुलै तिनंही पाहिला होता. सिम्बोकला, माझ्या आईला, दवाखान्यात नेलं तेव्हा गाडीपर्यंतही कुणाला जाता आलं नाही. पुरायला चार अनोळखी माणसं होती, पांढऱ्या पोशाखातली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. बापाक घरात ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडलेले. माझा मोठा भाऊ, मास गुनार्सो, सेमारांग शहरात अडकलेला.

अडचण एकट्या कॅलेंडरची असती तर बरं झालं असतं. दुसरी अडचण घरातच होती.

संध्याकाळी मी मासला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"एकोणतीस कुठून आली?" मास म्हणाला. "सिम्बोक तीन जुलैला गेली. शनिवारी. हजारावा दिवस अठ्ठावीसला, गुरुवारी येतो."

"ती रविवारी गेली," बापाक म्हणाले. "रविवार, पाच वारांतला लेगी."

"बापाक, माझ्याकडं मृत्यूचा दाखला आहे. सरकारी शिक्का आहे त्याच्यावर."

"शिक्क्यानं तुला वाढवलं का?"

"हे बघा. गुरुवार काय, शुक्रवार काय, दोन्ही दिवस माझा रोजा. ईद झाली की मला आठ दिवस सुटी आहे. सगळ्यांना घेऊन येतो. तेव्हा निवांत करू."

"तू तुझ्या घरी कर. चाळिसावा केलास, शंभरावा केलास, हाही कर. आम्ही आमचा करू." बापाक उठून मागच्या अंगणात निघून गेले.

"ऐकलंस?" मास मला म्हणाला. "धर्म बदलला त्याचा राग असा निघतो."

"त्याचा राग नाही, मास."

"मग कशाचा?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं, आणि पावणेतीन वर्षं मी ते असंच दिलं नव्हतं.

तीन जुलैच्या संध्याकाळी दवाखान्यातल्या नर्सचा निरोप माझ्या फोनवर आला होता. त्या वेळी बापाकच्या बोटावरचं यंत्र चौऱ्याऐंशी दाखवत होतं आणि सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. दुसरा सिलिंडर पहाटे मिळणार होता. मी फोन उपडा ठेवला आणि बापाकना भात भरवला. त्यांनी विचारलं, सिम्बोक कशी आहे? मी म्हटलं, झोपलीय. रविवारी सकाळी आकडा ब्याण्णववर आला तेव्हा मी त्यांना सांगितलं, सिम्बोक आज पहाटे गेली.

दाखल्याचा कागद मासनं सेमारांगहून अर्ज करून मिळवला. त्यावर तारीख होती, शनिवारची. वेळेचा रकाना नव्हता. बापाकना वाटलं कचेरीनं चूक केली. मासला वाटलं बापाक मुद्दाम अडून बसलेत. एका आईचे दोन चाळिसावे झाले, दोन शंभरावे झाले, आणि दोन्ही ठिकाणी निम्मी माणसं. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्याच्या बाटलीवर वेळ लिहायची राहिली तर तो नमुना मी फेकून देते. घरात मात्र मी गप्प बसले.

मासशी बोलणं झालं त्यानंतरच्या रविवारी मी जुना फोन चार्ज केला. निरोप जागेवर होता. नर्सनं नेमकं लिहिलं होतं: पाच वाजून बावन्न मिनिटांनी.

मी तो आकडा दोनदा वाचला आणि तशीच पाक मोदिनकडं गेले. ते मशिदीचं काम बघतात. त्यांच्या पडवीत नमाजाच्या वेळांचा तक्ता काचेत बसवलेला आहे. दर वर्षी तोच चालतो, कारण सूर्य फारशा खोड्या करत नाही.

"तीन जुलैचा सूर्यास्त बघायचाय," मी म्हटलं.

"आत्ता मार्चमध्ये? जुलैचं एवढं काय अडलंय?" त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. "सूर्यास्ताची मगरिब पाच पस्तीसला. का गं?"

"एखादं माणूस शनिवारी पाच बावन्नला गेलं, तर तुम्ही कोणता वार धराल?"

"रविवार. सूर्य मावळला की दिवस बदलला. आपल्या जुन्या पाच वारांचंही तेच की. तुझी आजीही तसंच मोजायची." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "सिम्बोक?"

मी मान हलवली.

"म्हणजे तुझे वडील बरोबर."

"मासही बरोबर आहे. कचेरीचा दिवस मध्यरात्री बदलतो."

"आणि तुला हे कधीपासून माहीत आहे?"

मी चपला घातल्या.

"जा," ते म्हणाले. "पण हे मला सांगून काही उपयोग नाही."

बापाक मागच्या अंगणात बांबूच्या कांबी सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"बापाक, सिम्बोक रविवारी पहाटे गेली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ती शनिवारी संध्याकाळी गेली. मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांचा कोयता थांबला.

"मग गुनार्सो खरं बोलत होता," ते म्हणाले. हे ऐकल्यावर त्यांनी पहिला विचार त्याचा केला.

"हो."

"त्या संध्याकाळी तू मला भात भरवलास."

"हो."

"अंडं घातलं होतंस वर. मी पुन्हा मागितलं."

"तुमचा आकडा चौऱ्याऐंशी होता, बापाक. मला वाटलं, एका रात्रीत दोघंही..."

पुढचं मला सूर्यास्ताचं सांगायचं होतं. ते थांबले नाहीत. कोयता भिंतीला टेकवून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हाही माझ्याशी बोलले नाहीत. यु तुमिरानं कुंपणावरून विचारलं, "काय गं, बापलेकीत काय पेटलंय?" मी म्हटलं, माझी चूक आहे. ती म्हणाली, "मग तूच विझव, मी कुठवर बादल्या आणू?"

तिसऱ्या संध्याकाळी बापाक स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसले.

"पाक मोदिनकडं कशाला गेली होतीस?"

मी सांगितलं. पाच पस्तीस, पाच बावन्न. ते ऐकत राहिले आणि बोटांवर वार मोजत राहिले.

"म्हणजे तू खोटं बोललीस," ते म्हणाले, "आणि वार खरा निघाला."

"हो."

"एवढ्यासाठी तुला शिकवलं नव्हतं." त्यांचा आवाज जाड होता, पण त्यांनी माझ्यापुढची कांद्याची टोपली स्वतःकडं ओढली आणि सोलायला घेतली. दोन कांदे झाल्यावर म्हणाले, "त्या रात्री मला कळलं असतं तर मी सकाळ बघितली नसती. हे मलाही माहीत आहे. पण नंतर सांगायचं होतंस. तीन वर्षं मी पोराला काय काय बोललो."

"मला भीती वाटली."

"कुणाची? माझी?" त्यांनी डोळे पुसले, कांद्यानं असतील. "फोन लाव त्याला."

मासनं फोन उचलला तो सावधपणे. "हं, बापाक."

"ले," बापाक त्याला लहानपणीसारखं म्हणाले, "तू बरोबर होतास."

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "काय म्हणालात?"

"पुन्हा म्हणणार नाही. बहिणीकडून ऐक."

मी सगळं सांगितलं. मास ओरडला. चांगला दहा मिनिटं ओरडला. चाळिसाव्याला तो एकटाच शेजाऱ्यांपुढं बसला होता, लोक विचारत होते वडील का नाही आले, आणि मी त्याच दिवशी फोनवर त्याला जेवणात काय आहे ते विचारत होते, हे सगळं त्यानं मला ऐकवलं. सगळं खरं होतं. शेवटी त्याचा श्वास लागला आणि पलीकडून त्याच्या बायकोचा, म्बाक उमीचा आवाज आला, "अहो, पाणी प्या. रोजे पुढच्या आठवड्यापासून आहेत, आत्ता प्या."

पाणी पिऊन मास म्हणाला, "बरं. माझा गुरुवार, बापाकचा शुक्रवार. मग आता कुणाचं खरं करायचं?"

"दोन्ही," मी म्हटलं. "गुरुवारी अठ्ठावीसला सूर्य पाच अठ्ठेचाळीसला मावळतो. त्यानंतर बापाकचा शुक्रवार क्लिवोन लागतो. दाखल्याप्रमाणं मात्र मध्यरात्रीपर्यंत गुरुवारच. तुझा रोजा सुटलेला असेल. आमचा गुड फ्रायडे रात्री बाराला सुरू होतो, तोवर आम्हाला मटण चालतं. सहा एकोणसाठला तुमची रात्रीची नमाज, साडेसातला आमची चर्चमधली प्रार्थना. मधे सत्तर मिनिटं आहेत."

"सत्तर?"

"तक्त्यावरून एकाहत्तर. पण पाक मोदिन एक मिनिट आधी निघतील."

मास हसला. त्या फोनवर पहिल्यांदाच. "गुरुवारी माझा कामाचा दिवस आहे. पण साहेबांना त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या आजोबांच्या कबरीवर जायचंय, चिनी लोकांचा तो दिवस असतो ना. त्यांची पाळी मी घेतो, ते माझी घेतील. येतो."

अठ्ठावीसला दुपारपासून यु तुमिरा आमच्या चुलीची मालकीण झाली. "मसाला मी ढवळणार, तुला प्रयोगशाळेतलं प्रमाण घालायची सवय," म्हणून तिनं मला नारळ खवायला बसवलं. तिचा स्वतःचा रोजा होता, त्यामुळं रस्सा चाखण्याचं काम माझं. मी मीठ कमी म्हटलं की ती माझ्याकडं संशयानं बघायची आणि मग घालायची. बापाकनी ओसरीवर चार चटया अंथरल्या, त्या पुन्हा उचलल्या आणि सरळ करून अंथरल्या.

साडेपाच झाले. शेजारी येऊन बसले. मास आला नव्हता.

"मागेलांगला गाड्या तुंबतात," मी म्हटलं.

"मी काही विचारलं का?" बापाक म्हणाले. ते फाटकाकडं बघत होते.

पाच चव्वेचाळीसला गाडी आली. म्बाक उमी मांडीवर खजुराचा डबा धरून उतरली. मास चपला काढून सरळ बापाकपुढं आला, गुडघ्यांवर बसला आणि त्यांचा हात कपाळाला लावला. बापाकनी हात काढून घेतला नाही. कुणी काही बोलायच्या आतच मशिदीतून अजान ऐकू आली, आणि म्बाक उमीनं सगळ्यांच्या पुढं डबा फिरवला. पाक मोदिननी खजूर घेतला, आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या पाक यूस्तिनसनीही घेतला.

"तुमचा कसला उपास सुटला?" पाक मोदिननी त्यांना विचारलं.

"वाट बघण्याचा. तीनपासून बसलोय."

आधी पाक मोदिननी प्रार्थना केली, मग पाक यूस्तिनसनी. दोघांनी आवरतं घेतलं. मग जेवणं झाली. मास बापाकच्या उजव्या बाजूला बसला, मी डाव्या. मटण मऊ झालं होतं. यु तुमिरानं वाढता वाढता आम्हा कॅथलिकांना बजावलं, "बाराच्या आत संपवा. उरलं तर माझ्याकडं द्या, पहाटे सहरीला मला लागतंच."

पावणेसातला बापाक उठले आणि ओसरीच्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले. आम्ही दोघं मागं गेलो. बाहेर अंधार झाला होता आणि दुपारच्या पावसानं वाट ओली होती.

"जा आता," बापाक समोर बघत म्हणाले, बाजाराला निघालेल्या बाईला सांगावं तसं. "सगळे आलेत. सावकाश जा."

"सिम्बोक," मास म्हणाला आणि थांबला. मी हात हलवला. मास माझ्याकडं बघत होता. मग त्यानंही हलवला.

पाक मोदिन मिनिटभर आधीच उठले. माणसं फाटकातून बाहेर पडली, काही डावीकडं मशिदीकडं, काही उजवीकडं चर्चकडं. मास चपला शोधत होता.

"ईदला येतो, बापाक," तो म्हणाला. "दहा तारखेला."

"दहा की अकरा? तुमचं चंद्र बघितल्याशिवाय ठरतं कुठं!"

"ठरलं की कळवतो."

"कळवत बसू नकोस," बापाक म्हणाले. "दोन्ही दिवस ये."