नाव झाकलेली तक्रार

तक्रारदाराच्या नावावर जाड काळी पट्टी होती. आमच्याकडे हे नेहमीचंच. मोबाइलवरच्या ॲप-दुकानाविरुद्ध तक्रार करायची, तर त्याच दुकानात मांडलेला आपला माल उद्या गायब होईल, ही धास्ती सगळ्यांनाच असते. कोरियात, सेजोंगच्या स्पर्धा आयोगात, म्हणजे बड्या कंपन्यांच्या दादागिरीला चाप लावणाऱ्या सरकारी कचेरीत, नऊ वर्षं मी अशाच पट्ट्या बघत आले आहे.

या वेळी दुकानाने एक ॲप काढून टाकलं होतं. गुन्हा एवढाच की, 'पैसे आमच्या संकेतस्थळावरही भरता येतील' अशी, दुकानाचं कमिशन टाळणारी एक ओळ त्यात होती. पुराव्याला पडद्यांची चित्रं जोडलेली. शेवटच्या चित्रात दोन वाट्या होत्या, लांबलांब राहणाऱ्या दोघांच्या. एकाने 'जेवायला बसलो' हे बटण दाबलं की दुसऱ्याला त्याच्या वाटीतून वाफ निघताना दिसते. एका वाटीखाली लिहिलं होतं, नुरुंगजी.

नुरुंगजी म्हणजे भाताची खरवड. भांडं खरवडून खायची मला खोड, म्हणून सॉक-ह्यन मला त्या नावाने चिडवायचा. हे ॲप आम्ही दोघांनी सोलमधल्या एका तळघरात बनवलं होतं आणि चाचणीसाठी उघडलेलं पहिलं खातं माझं होतं. मग मी सरकारी परीक्षा पास झाले, आईला हायसं वाटलं आणि मी निघून आले. त्याने अडवलं नाही. अडवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मंगळवारी तो जबाब द्यायला येणार होता. आमची ओळख मी सांगितली नसती, तर तो दोन तास माझ्यासमोर बसला असता. पण पुढे हे बाहेर आलं असतं, तर दुकानाच्या वकिलांनी कोर्टात अख्खं प्रकरण उधळून लावलं असतं.

मी आमच्या विभागप्रमुखांकडे, पेसाहेबांकडे गेले. "साहेब, ही फाईल दुसऱ्या कुणाला द्या. तक्रारदार माझ्या ओळखीचा आहे."

"कितपत ओळखीचा?"

"एका भांड्यात जेवलोय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग निकाल लागेपर्यंत भेट नाही, फोन नाही. जमेल?"

"नऊ वर्षं जमवलंय की, साहेब. आता निदान नियम तरी मिळाला."

फाईल माझी धाकटी सहकारी ओक-रिम हिच्याकडे गेली. मंगळवारी जबाबाच्या खोलीचं दार माझ्या टेबलापासून बारा पावलांवर बंद होतं. मध्येच ती पाणी घ्यायला बाहेर आली.

"विचित्र माणूस आहे, ताई. चित्रांमधली सगळी नावं झाकलीत, फक्त एक सोडून. म्हटलं, अहो, हेही झाका, ओळख पटेल. तर म्हणतो, ज्यांना पटायची त्यांना पटू दे."

मी कागद चाळत राहिले. एक अक्षर वाचलं नाही.

चौदा महिन्यांनी निकाल लागला. ॲप दुकानात परत आलं. त्या दुपारी कँटीनमध्ये भाताची वाटी पुढ्यात घेऊन मी ते उघडलं आणि जुनं नाव टाकलं. परवलीचा शब्द त्याने बदलला नव्हता.

पडद्यावरची त्याची वाटी थंड होती, वाफ नव्हती. मी 'जेवायला बसले' दाबलं आणि हळूहळू खाऊ लागले. भात संपला, बूडही खरवडून झालं. कँटीनवाली टेबलं पुसत माझ्यापर्यंत आली.

"झालं का हो, बाई?"

"नाही अजून," मी म्हणाले.