नियमात नसलेली गाडी

हे कुणालाही खरं वाटणार नाही. दिल्लीत तर नाहीच, आणि आर. के. पुरमच्या सेक्टर चारमध्ये बिलकुल नाही, कारण तिथले लोक हरिदास पोतनिसांना ओळखतात. तरी ऐका. चौऱ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात पोतनीस नवरा-बायको दिल्लीहून थेट दौलताबादेपर्यंत जाऊन आले, आणि त्या चौदा दिवसांत एक रात्रसुद्धा घराबाहेर झोपले नाहीत. घरच सोबत होतं. त्याला सहा चाकं होती.

पोतनीस मंत्रालयात हेड क्लार्क. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या सेक्शनमध्ये कुणी नव्हता. ऑफिसातलं माकड हजेरीपटावर सही करतं आणि ती सही डेप्युटी सेक्रेटरींच्या सहीपेक्षा सुवाच्य असते, हे त्यांनी एका नव्या स्टेनोला पटवून दिलं होतं. लोक चहा घेऊन त्यांच्या टेबलाभोवती बसत, पोट धरून हसत, आणि ऐकलेल्यातला एक शब्दही खरा मानत नसत.

सरकार आपल्या नोकराला चार वर्षांतून एकदा देशात कुठेही फिरून यायचं भाडं देतं. त्याला एल.टी.सी. म्हणतात. एकदा आईचं आजारपण आलं, एकदा मुलीचं लग्न, एकदा साहेबांनी रजाच दिली नाही. दरवेळी त्यांच्या बायकोने, इंदुमतीबाईंनी, बॅग भरली आणि दरवेळी रिकामी केली. ही शेवटची संधी होती, कारण फेब्रुवारीअखेर पोतनीस रिटायर होणार होते. अॅडव्हान्स उचलला, आणि दसरा-दिवाळीच्या गर्दीत रेल्वेचं एकही तिकीट मिळेना.

तेव्हा देवासारखा अंबादास भेटला. मूळचा संगमनेरचा, गाझियाबादेत ट्रक-बसच्या बॉड्या बांधायचा.

"हरीभाऊ, गुडगावच्या नव्या कॉलनीतल्या एका अमेरिका-रिटर्न माणसाने माझ्याकडून गाडी बनवून घेतलीय. आत झोपायचं, शिजवायचं, आंघोळसुद्धा करायची. बंगलाच आहे चालता! पण लांब पल्ल्यावर चालवून बघितल्याशिवाय द्यायची कशी? तुम्ही आणि वहिनी चला. अट एकच. मालकाला कळता कामा नये. कुठे त्याचं किंवा माझं नाव घेतलंत तर माझं शेड बंद."

"अंबादास, मी कधी कुणाचं गुपित फोडलंय का?"

"फोडलंत तरी खरं कोण मानतंय? म्हणून तर तुम्हाला नेतोय."

सातविणीच्या फुलांच्या वासाने सेक्टर नुसता भरून गेला होता, त्या सकाळी ते निघाले. फत्तेपूर सिक्रीला बुलंद दरवाजाच्या खाली गाडी लावून बाईंनी साबुदाण्याची खिचडी टाकली, तर दारात चौदा परदेशी पाहुणे रांग लावून उभे. गाइडने त्यांना सांगून टाकलं होतं की बादशहाच्या बेगमांचा मुदपाकखाना असाच फिरता असे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर गाडी उलटी घसरली. अंबादास ब्रेकवर उभा राहून देवाचा धावा करत होता, पोतनीस देवाला नवस बोलत होते, आणि बाई एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने कुकर धरून उभ्या होत्या. तिसरी शिट्टी झाली, त्यांनी गॅस बंद केला, आणि मग त्या किंचाळल्या. बऱ्हाणपुरात पाण्याची टाकी गळली आणि खालचं अख्खं अंथरूण भिजलं.

दौलताबादला मात्र काही गंमत घडली नाही. गुडघे धरून, दर वीस पायऱ्यांवर बसत, बाई अंधारी म्हणतात त्या काळोख्या भुयारातून वर गेल्या, अगदी माथ्यावरच्या तोफेपर्यंत. तिथे तटाला टेकून खालचा मुलूख बघू लागल्या.

"काय गं, दमलीस?"

"नाही. एकतीस वर्षं तुमच्या तोंडून जग ऐकलं. आज माझ्या डोळ्यांनी बघितलं."

पोतनिसांनी दोघांची प्रवेशाची तिकिटं जपून पाकिटात ठेवली.

परत आल्यावर त्यांनी हिशेबाचा फॉर्म भरला आणि आयुष्यात पहिल्यांदा कागदावर निखळ सत्य लिहिलं. 'प्रवासाचे साधन' या रकान्यात 'चालते घर'. 'वर्ग' या रकान्यात 'स्वयंपाकघरासह'.

बिलं बघणारा क्लार्क आधी हसला. मग त्याने कागद वर पाठवला, आणि वर कुणी हसलं नाही. तिकीट नाही, गाडीचा नंबर नाही, मालकाचं नाव नाही. दौलताबादची प्रवेशाची तिकिटं दाखवली तर म्हणाले, ही कुणीही आणून देतो. त्यांच्याच सेक्शनमधले दोघे जण घरी बसून कन्याकुमारी करून आले होते. त्यांच्याकडे बसची बिलं होती, हॉटेलच्या पावत्या होत्या, नारळपाण्याचीसुद्धा पावती होती. त्यांचे कागद दोन दिवसांत पास झाले. पोतनिसांच्या फायलीवर शेरा आला: सरकारची फसवणूक, चौकशी व्हावी.

जानेवारी उजाडला तसे पोतनीस रात्री उठून हिशेब मांडू लागले. रिटायर व्हायच्या आत आरोपपत्र हातात पडलं, की पेन्शन लटकली आणि ग्रॅच्युइटी अडकली. ग्रॅच्युइटी अडकली तर गाझियाबादच्या वैशाली कॉलनीत घेतलेल्या फ्लॅटचा ताबा गेला. आणि सरकारी क्वार्टर तर सोडावंच लागणार. मग राहायचं कुठे? बाईंना यातलं त्यांनी अक्षर सांगितलं नव्हतं.

मालकाचं नाव सांगू का, असं विचारायला ते गाझियाबादेला गेले. अंबादासने त्यांचे पायच धरले.

"हरीभाऊ, दोन ऑर्डरी आहेत त्या मालकाच्याच ओळखीच्या. सात वेल्डर आहेत माझ्याकडे. गळा दाबा माझा, पण नाव नका घेऊ."

तिथून दोन बस बदलून ते गुडगावला गेले. नव्या कॉलनीत अर्धे बंगले उभे होते, अर्धे खांबांवर होते, आणि एका फाटकाच्या आत, ताडपत्रीखाली, त्यांचं घर उभं होतं. ताडपत्री एका कोपऱ्यात उडाली होती. जाळीची खिडकी दिसत होती. तिच्यामागे बाई पोळ्या लाटायच्या. पोतनीस फाटकाच्या गजांना धरून बघत राहिले.

"क्या चाहिए, बाबूजी?" चौकीदाराने विचारलं.

यावर सांगण्यासारख्या शंभर गोष्टी त्यांच्या जिभेवर होत्या. "कुछ नहीं," म्हणाले आणि परत फिरले.

चौकशी करणारे भटनागर साहेब माणूस वाईट नव्हते. सेक्टर दोनमध्येच राहायचे. त्यांनी पोतनिसांना एकट्याला बोलावलं.

"पोतनीस, हा किस्सा मी वर पाठवला तर माझीच चौकशी लागेल. मी सांगतो तसं करा. लिहून द्या की जायचं ठरलं होतं, पण गेलो नाही. अॅडव्हान्स परत करतो. चूक झाली, माफी असावी. साधी समज देऊन फाइल बंद करतो. नाहीतर सोमवारी आरोपपत्र निघेल."

"पण साहेब, आम्ही खरोखर गेलो होतो."

"माकडाच्या सहीसारखं?"

पोतनिसांनी मान खाली घातली.

रविवारी सकाळी भटनागर साहेब टाइप केलेला कागद घेऊन स्वतःच क्वार्टरवर आले. साक्षीदार म्हणून बायकोची सही लागत होती. पोतनिसांनी पहाटेपासून आरशासमोर एकच वाक्य घोकलं होतं. इतकं बेचव, इतकं लहान खोटं त्यांनी उभ्या जन्मात रचलं नव्हतं, आणि जीभ वळत नव्हती ती नेमकी तिथेच.

इंदुमतीबाई चहा घेऊन आल्या. साहेबांनी कागद हिंदीतून वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीलाच बाईंचा हात ट्रेवर थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सतरंजीकडे पाहत होता.

"अहो, हे काय वाचतायत साहेब?"

"नंतर सांगतो, इंदू. आधी सही कर."

"कशावर?"

"अगं, पेन्शनचं आहे. घराचं आहे. विचारू नकोस, तुझ्या पाया पडतो."

भटनागर साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "बस एक बार मुँह से कह दीजिए, पोतनीस जी, मिसेज़ के सामने. फिर दोनों के साइन."

बाईंना नवऱ्याची प्रत्येक थाप पाठ होती. माकडाची सही, एका घोटात प्यायलेलं बावीस ग्लास ताक, सगळं त्या पाहुण्यांबरोबर बसून ऐकायच्या, पदरात हसायच्या, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणं त्यांनी एकदाही केलं नव्हतं. आता त्या ट्रे तसाच धरून उभ्या होत्या.

पोतनीस म्हणाले, "जी साहब. हम कहीं नहीं गए. पूरे चौदह दिन घर पर ही थे. इसने तो दौलताबाद देखा भी नहीं."

"झूठ!" इंदुमतीबाई म्हणाल्या. "साहब, ये झूठ बोल रहे हैं."