उलट्या पावलांचा सेवेकरी

आमच्या चर्चच्या दारावर मी एक्केचाळीस वर्षं उभी आहे. पांढरा पोशाख, पांढरे बूट, पांढरे हातमोजे. पास्टर येतात नि जातात, ओझेला टिब्स आहे तिथेच आहे. कुणाला कुठल्या बाकावर बसवायचं, प्रार्थना चालू असताना कुणाला दाराबाहेर थोपवायचं, कुणाच्या अंगात पवित्र आत्मा उतरला तर तो माणूस डोलत खाली आपटायच्या आत त्याला झेलायचं, हे सगळं माझं सेवेकरी मंडळ बघतं. तोंडातून शब्द काढायचा नाही, सगळं हातांच्या खुणांनी. डावा हात पाठीमागे घेतला म्हणजे मी सेवेवर आहे. उजवा तळहात छातीवर आडवा धरला म्हणजे दार बंद, आता कुणी आत येणार नाही.

मार्केलबद्दल विचारायला टीव्हीवाले येतात ना, त्यांना हे ऐकायचंच नसतं. त्यांना वाटतं पोर रस्त्यावर पळायला शिकलं असेल. कसलं रस्त्यावर? माझ्या चर्चमध्ये शिकलं, आणि तेही उलटं.

माझी धाकटी बहीण व्हर्लीन, मार्केलची आई, वारली तेव्हा तो चार वर्षांचा होता. कागदाच्या गिरणीत माझी पाळी संपली की तो माझ्या झग्याला चिकटलेला असायचा. सहाव्या वर्षी मी त्याला हातमोजे घातले. आमच्याकडे दानाची ताटं वेदीपाशी ठेवली की सेवेकरी वेदीकडे पाठ फिरवत नाहीत. चौघे एका ओळीत, उलट्या पावलांनी, मागे न बघता थेट दारापर्यंत येतात. मोठमोठी माणसं बाकाला अडखळायची. हे पोर पाण्यातल्या माशासारखं मागे सरकायचं.

आणि झेलणं. ते तर मी त्याला हात धरून शिकवलं. "चेहऱ्याकडे बघू नकोस," मी सांगायची. "चेहरा रडतो, हसतो, काहीही करतो. कमरेकडे बघ. माणूस पडायच्या आधी त्याची कंबर सांगते तो कुठल्या बाजूला जाणार."

"पण मावशी, कमरेकडे बघितलं की बायका रागावतात."

"हातमोजे घातलेल्याला कुणी रागावत नाही. बघ म्हटलं ना, बघ."

शाळेचा फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलचा, कोच, बकनर नावाचा ढेरपोट्या माणूस, एका रविवारी आमच्याकडे आला तो कुणाच्या तरी बाप्तिस्म्याला. सगळा वेळ त्याचे डोळे मार्केलच्या पायांवर. जेवणाच्या वेळी ताटात कोंबडी वाढून घेता घेता मला म्हणाला, "ओझेलाबाई, हा पोरगा मला द्या. लोक पुढे पळतात, हा मागे त्याच वेगाने पळतो." मी म्हटलं, रविवार माझा, बाकीचे दिवस तुझे. असा तो कॉर्नरबॅक झाला. समोरचा गडी चेंडू झेलायला जीव खाऊन पळत येतो, आणि याने उलट्या पावलांनी मागे सरकत त्याच्यासमोर राहायचं, तो वळेल तिकडे वळायचं, चेंडू त्याच्या हाताला लागू द्यायचा नाही. म्हणजे दारावर उभं राहणंच की. फक्त दार पळतं.

मग तो रविवार आला. ईस्टरच्या आधीचा महिना, मार्केल पंधरा वर्षांचा. पहिल्या बाकावर हॅटी ग्रिग्सबाई डोलायला लागल्या. मार्केल त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा. हॅटीबाई त्याच्याकडे बघून गोड हसल्या. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसला, आणि त्याच क्षणी बाई धाडकन बाकाच्या कोपऱ्यावर पडल्या. मनगट मोडलं. ते नीट बसलंच नाही, आजही वाकडं आहे.

मी सगळ्या चर्चसमोर त्याचे हातमोजे काढून घेतले. "लायक झालास की माग," म्हटलं. तो मागच्या बाकावर, पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसला. तेव्हापासून घरी आला की तिथेच बसतो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलेज झालं, मग मोठ्या लीगमधला उत्तरेकडचा संघ, हाडं गोठवणाऱ्या थंडीचं गाव. दुसऱ्याच वर्षी ते सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, एक पायरी अलीकडे पोचले. शेवटचे बारा सेकंद, मार्केलचा संघ पुढे. समोरचा गडी, क्रॉफर्ड नावाचा, पळता पळता ढेपाळला, मान वळवून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागला. जणू चेंडू तिकडे गेला, खेळ संपला. मार्केलनेही मान वळवली. क्रॉफर्ड सुसाट सुटला, चेंडू त्याच्या हातात जाऊन बसला, सामना गेला, आणि माझं पोर तीन पावलं मागे, हात पसरून उभं. ते चित्र दर जानेवारीत टीव्हीवर दाखवतात. आमच्या गावातली शेंबडी पोरंसुद्धा कुणाला फसवलं की म्हणतात, "झाला तुझा मार्केल."

त्या रात्री त्याचा फोन आला. "मावशी, मला वाटलं तो थांबला."

आणि मी काय म्हणावं? "चेहऱ्याकडे बघितलंस ना? हॅटीबाईंच्या वेळी बघितलंस तसंच." आणि फोन ठेवला.

माझी जीभ अशी आहे. गिरणीतले मुकादम तिला टरकून असत. पण त्या रात्री ती गप्प राहायला हवी होती, हे मी आज सगळ्यांदेखत सांगते. पोर तेवीस वर्षांचं होतं, देशभर त्याची शोभा झाली होती, आणि त्याने फोन केला तो मला.

संघाने त्याला काढलं. दुसऱ्याने घेतलं, त्यानेही काढलं. दोन वर्षं कॅनडात खेळला. गुडघा फाटला, शिवला. पाच संघ, अकरा वर्षं. कुठेही गेला तरी लोक तेच विचारायचे, अरे तूच ना तो? तो म्हणायचा, हो, मीच. नाताळात घरी यायचा, मागच्या बाकावर बसायचा, माझ्या हातचा मक्याचा पाव खायचा, भांडी घासायचा. हातमोज्यांचं नाव त्याने काढलं नाही नि मी काढलं नाही. तो मागेल म्हणून मी थांबले होते. तो कशाला थांबला होता, ते मला उशिरा कळलं.

गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, "मावशी, हे शेवटचं वर्ष. बाकावर बसायला घेतलंय मला. पोरांना शिकवायचं, कुणी लंगडलं तर उतरायचं."

"मग घरी ये की आत्ताच. चौतीस वर्षांचा झालास. लाकूड झालंय तुझं."

"येणार. पण 'तूच ना तो' म्हणून नाही यायचं मला."

आता नशीब बघा. ज्याने त्याला बाकावर बसायला घेतलं तोच संघ सुपर बोलला पोचला. त्याने मला तिकीट पाठवलं, विमानाचंसुद्धा. मी तिकीट बकनरला देऊन टाकलं. सगळ्यांना सांगितलं, एक्केचाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही, आता चुकवू होय? खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. तो पुन्हा हात पसरून उभा राहिलेला मला डोळ्यांसमोर बघवला नसता.

संध्याकाळी चर्चच्या खालच्या हॉलमध्ये पडदा लावला. पन्नास-साठ माणसं, तळलेली कोंबडी, पीच घालून भाजलेला गोड पदार्थ. मी सकाळचा पांढरा पोशाख बदलला नव्हता. पहिले दोन भाग मार्केल बाकावर.

चर्चच्या कारभारी मंडळातल्या रूफस डीकनला राहवेना. "ओझेला, तुझं पोर पाणी छान पितं हो. एक थेंब सांडत नाही."

"रूफस, तू या चर्चमध्ये चाळीस वर्षं नुसता बसून आहेस. तुला कुणी काही म्हणालं का?"

हॅटीबाई, आता अठ्ठ्याऐंशीच्या, पुढच्या खुर्चीत वाकडं मनगट चोळत म्हणाल्या, "आज फार ठणकतंय. काहीतरी होणार."

तिसऱ्या भागात मार्केलच्या संघातल्या तरण्या कॉर्नरबॅकचा घोटा मुरगळला. दोघांनी त्याला धरून बाहेर नेलं. आणि मार्केल डोक्यावर हेल्मेट चढवून आत पळाला. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी समोर बघत होते.

समोरच्यांनी लगेच ओळखलं. म्हातारा आलाय, तोच तो, फसलेला. चेंडू त्याच्याच बाजूला, पुन्हा पुन्हा. त्याच्यासमोर प्रुइट नावाचा पोरगा, मार्केल घर सोडून कॉलेजला गेला तेव्हा तो सहा वर्षांचा असेल. एकदा प्रुइटने चेंडू झेलला, दोनदा झेलला. पण मार्केलने त्याला जागच्या जागी लोळवला. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. मार्केलची मान खाली होती. तो प्रुइटच्या कमरेकडे बघत होता, पंधराव्या वर्षापर्यंत बघायचा तसा.

शेवटचे सहा सेकंद. आमचे चार गुणांनी पुढे, समोरचे रेषेपासून आठ यार्डांवर. एकच खेळी उरलेली. चेंडू रेषेपलीकडे त्यांच्यातल्या कुणी झेलला की ते जिंकले, नाही तर आम्ही. पडद्यावर त्यांनी तेवढ्यात ते जुनं चित्र दाखवलं, अकरा वर्षांपूर्वीचं, हात पसरलेलं. मेल्यांना अगदी आत्ताच दाखवायचं होतं.

"बंद कर ते, रूफस," मी म्हटलं.

"कसं बंद करू, बाई? तोच खेळ आहे."

चेंडू सुटला. प्रुइट दोन पावलं पळाला आणि ढेपाळला. मान वळवली. दुसऱ्या टोकाकडे बघून हात हवेत टाकले, चेहरा असा रडवेला केला की आमच्या हॉलमधल्या निम्म्या माणसांनी तिकडे बघितलं. डाव तोच होता. त्यांनी ते जुनं चित्र घोटून पाठ केलं होतं.

मार्केलने मान वळवली नाही. तो उलट्या पावलांनी मागे सरकत राहिला, एक, दोन, तीन, ताट ठेवून दाराकडे येतात तसा. प्रुइटची कंबर कोपऱ्याकडे फिरली, आणि मार्केल तिच्या आधी कोपऱ्यात होता. चेंडू आला. प्रुइटने हात वर केले. चेंडू मार्केलच्या पोटाशी गेला, आणि तो त्याच्यावर आडवा पडला. खेळ संपला.

हॉलमध्ये काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. खुर्च्या पडल्या. रूफस माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला, त्याची ताटली माझ्या पांढऱ्या पोशाखावर सांडली, तरी मी त्याला काही बोलले नाही.

पडद्यावर सगळे खेळाडू मार्केलच्या अंगावर पडले होते. तो त्यांच्याखालून बाहेर आला. बाकीचे नाचत होते, हा नाचला नाही. रेषेवर जाऊन ताठ उभा राहिला, त्या लाखभर माणसांकडे तोंड करून. डावा हात पाठीमागे घेतला. उजवा तळहात छातीवर आडवा धरला.

टीव्हीवर बोलणारे बावळट दोघे म्हणाले, छातीला लागलंय वाटतं त्याला. आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना ती खूण कळली. मग एकेक जण उठला. माझ्या मंडळातल्या बायका, म्हातारे, सगळ्यांनी डावा हात मागे घेतला, उजवा छातीशी धरला. मीही. माझे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढच्या रविवारी तो घरी आला. गावभर मिरवणूक, शाळेचा बँड, सगळं आदल्या दिवशी होऊन गेलं होतं. सकाळी तो साध्या सुटात चर्चला आला आणि नेहमीप्रमाणे मागच्या बाकाकडे वळला. मी त्याच्यासमोर आडवी उभी राहिले.

"माग," मी म्हटलं.

एक्केचाळीस वर्षांत दारावर पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द निघाला. तो मग हळूच म्हणाला, "मावशी, माझे हातमोजे दे."

मी त्याला दाराशेजारच्या खोलीत नेलं आणि कपाटाचा खालचा खण उघडला. आमच्याकडे दर ईस्टरला सेवेकऱ्यांना नवे हातमोजे येतात. मी दर वर्षी एक जोड जास्त मागवत आले. सोळा वर्षांच्या पोराचा हात केवढा, विशीतल्याचा केवढा, अंदाजाने माप वाढवत. एकोणीस जोड, कागदात गुंडाळलेले. तो गुडघ्यावर बसला आणि एकेक जोड उलगडून बघायला लागला. त्या फोनबद्दल जे बोलायचं होतं ते मी तेव्हा बोलले, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. ते आमच्या दोघांतलं आहे.

वरचा जोड त्याला बरोबर बसला.

त्याला मी पहिल्या बाकाशी उभं केलं. गायकमंडळाने तिसरं गाणं धरलं आणि हॅटीबाई काठी सोडून उठल्या. डोलायला लागल्या. मार्केलकडे बघून गोड हसल्या. मार्केलने त्यांच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाई डावीकडे कलंडल्या आणि त्याच्या दोन्ही हातांवर अलगद येऊन थांबल्या.

त्यांनी एक डोळा उघडला.

"उशीर केलास, पोरा," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं पडतेय मी."

मार्केलने त्यांना बाकावर नीट बसवलं, काठी हातात दिली, आणि डावा हात पाठीमागे घेऊन आपल्या जागी जाऊन उभा राहिला.