कुणालाच नापास न करणारा हात

मी एक जुना हात आहे. डावा. बोटांपासून खांद्यापर्यंत सगळा शाबूत आहे, पण खांद्याच्या पलीकडे कुणी नाही. मित्रांनो, हसू नका. माझ्याकडे हसण्यासारखं थोडं आहे आणि लाजण्यासारखं पुष्कळ.

कॅनडात सास्काचेवान प्रांतातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी चौदा वर्षं टेबलावर पडून आहे. कारखान्यात माझ्या आत रबराच्या नळ्या घातल्या आणि वरून कातडी चढवली. नळ्यांत लाल पाणी सोडलं की त्या माझ्या शिरा. सलाइनची सुई बरोबर शिरेत गेली, तर तिच्या मागच्या टोकात लाल थेंब दिसतो. चुकली तर काहीच दिसत नाही. माझं काम एवढंच. मुलांनी माझं नाव गसकाका ठेवलं.

पहिल्या वर्षी मुलं माझ्यावर हटकून चुकायची. बोटांनी चाचपायची, घामाघूम व्हायची. पण शेकडो सुया त्याच त्या जागी टोचून कोपराच्या खळग्यात माझ्या कातडीला बारीक भोकं पडली. मग शीर शोधायची गरजच उरली नाही. भोक बघायचं, सुई घालायची, लाल थेंब हजर! सगळ्यांना पैकीच्या पैकी. आमच्या हालडॉरसन मॅडम पाहुण्यांना मला दाखवून म्हणायच्या, "आमचा गस कुणाला नापास करत नाही." मी किती फुशारलो होतो! आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं, आणि मला तर तोंडही नाही.

कॉरिन थीसन ही माझी सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी. माझ्यावर तिची सुई कधीच चुकली नव्हती. फेब्रुवारीत तिला प्रत्यक्ष रुग्णालयात पाठवलं. स्कूल बस चालवून निवृत्त झालेल्या कोवालचुक आजोबांना सलाइन लावायचं होतं. ती दोनदा चुकली. दुसऱ्यांदा शीर फुटली आणि त्यांचा हात कोपरापासून निळा पडला.

दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलाशी बसून तिने हे आपल्या मैत्रिणीला, डॅनिकाला सांगितलं. "आजोबा थट्टा करून मलाच धीर देत होते गं. म्हणाले, पोरी, तीस वर्षं बर्फात बस चालवली, पण एवढा रस्ता कधी चुकलो नाही." ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. कॉलेज सोडण्याचा अर्ज तिने भरूनही टाकला होता. तो तिच्या पिशवीत होता. तिला वाटत होतं, आपल्या हातातच कसब नाही. दोष कोणत्या हाताचा होता ते मला ठाऊक होतं, पण मी बोलणार कसा?

त्याच आठवड्यात विद्यापीठातून ओलेना नावाच्या बाई आल्या. अशा खोट्या अवयवांवरच्या सरावाबद्दल मुलांना काय वाटतं, ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. येताना त्यांनी बटर टार्टचा, म्हणजे लोणी-साखर भरलेल्या गोड वाट्यांचा, डबा आणला होता. आधी सगळ्यांनी कागदावर गुण दिले. मला सगळ्यांकडून पाचपैकी पाच. कॉरिननेही पाचच लिहिले.

मग ओलेना म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसाल का? तुमच्यासमोर सगळे गोडच बोलणार."

"तसंही आम्ही गोडच बोलणार, ताई," डॅनिका टार्ट उचलत म्हणाली. "डबा तुम्ही आणलाय ना! आणि गसकाका म्हणजे देवमाणूस."

सगळे हसले. कॉरिन हसली नाही.

"मी दिलेले पाच खोटे आहेत," ती म्हणाली.

"अगं, गप ना!"

"गप काय? आपल्यापैकी एकाने तरी कधी शीर शोधलीय? आपण भोक शोधतो. आजोबांच्या हाताला भोक नव्हतं, डॅनिका!"

डॅनिकाने अर्धा टार्ट खाली ठेवला. "मी पण तेच करते," ती हळूच म्हणाली. "आणि सोमवारी रुग्णालयात माझी पाळी आहे."

त्या क्षणी टेबलावरून खाली पडून फुटावं असं मला वाटलं. मी देवमाणूस नव्हतो. मी लबाड होतो.

"मॅडमना आत बोलवा," कॉरिन म्हणाली. "हे त्यांच्या पाठीमागे नको."

मॅडमनी सगळं उभ्याने ऐकलं. कानापर्यंत लाल झाल्या. मग कपाट उघडून त्यांनी एक खोका काढला. आत माझी नवी कातडी होती, न उघडलेली.

"तीन वर्षं झाली ही येऊन. सगळे पास होत होते. म्हटलं, छान चाललंय ते कशाला बिघडवा. चूक माझी आहे, कॉरिन. तुझी नाही."

"हे आजोबांच्या आधी कळायला हवं होतं, मॅडम."

मॅडमनी माझी जुनी कातडी सोलून खिडकीशी धरली. भोकांतून पलीकडचा बर्फ दिसत होता.

नव्या कातडीवर पहिली सुई कॉरिनने घातली. चुकली. दुसरीही चुकली. मला तिच्या पिशवीतला अर्ज आठवला. मग तिने सुई बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि बोटाने माझा कोपर दाबत राहिली, नळीची बारीक उसळी बोटाला लागेपर्यंत. या वेळी लाल थेंब आला.

तिने ओलेनाबाईंकडून आपला कागद परत मागून घेतला आणि पाचावर काट मारून दोन लिहिले. "बाकीचे कमवू दे त्याला," ती म्हणाली.

सोमवारी ती कॉलेजात आली. पुढच्या सोमवारीही आली.

मित्रांनो, माझ्यासारखे सगळे म्हातारे सांगतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला जपू नका. माझी कातडी विरली की ती काढून फेका आणि पोरांना माझ्यावर पोटभर चुकू द्या. आणि कधी कोवालचुक आजोबा भेटलेच, तर त्यांना सांगा, त्या मुलीवर राग धरू नका. तो निळा डाग माझा होता.