मी ऐकत होतो, वही सांगत होती

मित्रांनो, माझी तार कापली त्याला आता सहा वर्षं होत आली. मी एक जुना लाल टेलिफोन आहे. माझं पाचाचं बटण आत गेलेलं आहे आणि रिसीव्हरला एका बाजूने तडा आहे. हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या एका घरात, मी शिलाई मशीनच्या शेजारी बसून असतो. घरातली पोरं म्हणतात, याच्यात आता काही राहिलं नाही. तसं नाही. मी जे ऐकलं ते माझ्यापाशी आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने मला कानाला लावून दोनदा "हॅलो" म्हटलं, मान हलवली आणि खोक्यात घातलं. तेव्हा गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे फलक लागत होते. उत्तमरावांचा एक पाय रेल्वेच्या यार्डात गेला होता, म्हणून सरकारने त्यांना बूथ दिला. ते मूळचे परभणीकडचे. बस स्टँडच्या जवळ काचेच्या खोलीत त्यांनी मला मांडलं, हळद-कुंकू लावलं नाही, पण आपल्या धुतलेल्या धोतराच्या सोग्याने पुसलं.

बूथ चालवायच्या त्यांच्या बायको, चतुराबाई. पन्नाशी उलटल्यावर त्या अक्षर शिकल्या. गल्लीतली रूपाली रविवारी विहारात बायकांचा वर्ग घ्यायची. रूपाली तारनाक्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिने चतुराबाईंना आधी त्यांचं स्वतःचं नाव शिकवलं, मग 'जय भीम'. पाटी बूथमध्येच असायची. गिऱ्हाईक नसलं की बाई माझ्या शेजारी बसून गिरवायच्या आणि मला विचारायच्या, "काय रे लाल्या, जमलं का?"

ते माझे चांगले दिवस होते. कोणाला मुलगी झाली, कोणाची आई गेली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं माझ्यातून जायचं. बेगम बाजारातले हमाल यायचे, गावाकडे ओरडून बोलायचे. त्यांना वाटे, परभणी लांब आहे म्हणजे आवाजही मोठा हवा. टेलिफोनचं काम साधं असतं. इकडचं तिकडे न्यायचं आणि स्वतः गप्प बसायचं. मी ते चोख केलं.

मग एके दिवशी साध्या कपड्यातला एक माणूस आला. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्याने कार्ड दाखवलं आणि टेबलावर एक जाड कोरी वही ठेवली.

"अम्मा, आज से कौन फोन करा, किसको करा, कित्ते बजे करा, सब लिखना. क्या बात करा, कान पे पडा तो वो भी."

उत्तमराव कुबडी सावरत उभे राहिले. "लिहील की साहेब. सरकारनं बूथ दिला, सरकारनं मागितलं तर नाही कसं म्हणायचं?"

आणि चतुराबाईंना काय वाटलं असेल? मित्रांनो, त्यांना आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा सरकारी माणसाने त्यांना लिहायला सांगितलं होतं. अंगठा नाही, अक्षर! त्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात 'जय भीम' काढत आणि खाली एकेक फोन सुबक लिहीत. एकदा एक फोन लिहायचा राहिला. साहेबाने खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर आकडे होते. वहीवर बोट ठेवून म्हणाला, "सव्वा दस का किधर है?" तेव्हा मला कळलं, आकडे त्याला टेलिफोन खात्याकडून आधीच मिळत होते. कमी होती ती फक्त माणसांची नावं. ती आमच्या बाई भरून देत होत्या.

हळूहळू लोक माझ्याशी वेगळं बोलू लागले. रिसीव्हरवर तळहात धरायचे. गावाकडे ओरडणारे हमाल कुजबुजू लागले. "बरं आहे, भेटल्यावर सांगतो," एवढंच म्हणून ठेवून द्यायचे. माझ्यातून आवाज जायचा, पण त्यात कोणी नसायचं.

त्याच सुमारास बेगम बाजारात हमालांनी काम थांबवलं. शंभर किलोचं पोतं एकट्याच्या पाठीवर देऊ नका, एवढीच त्यांची मागणी. उमाजी नावाचा हमाल माझ्यावरून त्यांच्या वकिलाला फोन करायचा. एका दुपारी पोलीस त्याला घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा टाचा टेकवत नव्हता.

"बस रे, बस," चतुराबाईंनी स्टूल सरकवलं.

"बसाया पण जमंना अक्का. उभा ऱ्हातो. फुकटात मालिश झाली." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मला वाचता येत नाही, ते तुम्हाला ठावं आहे. पण एक शब्द मी वळखतो. निळ्या झेंड्यावर असतो तो. त्यांनी माझ्या म्होरं कागद टाकला, त्याच्या डोक्यावर 'जय भीम' होतं. म्या म्हटलं, ठाण्यात आपलं कोण हाय?"

चतुराबाईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. उमाजीने त्यांना बोल लावला नाही. जाताना त्याने दारापाशी नुसता नमस्कार केला, आणि तो नमस्कार बाईंना फार लागला.

चार दिवसांनी रूपाली धावत आली. सव्वाबारा वाजले होते. अंगावर दवाखान्याचा पांढरा पोशाख तसाच.

"मावशी, यादगिरी गेला. हमालांमधला, हातगाडीवाला. काल ठाण्यात नेलं होतं. सकाळी आमच्याकडे आणला तेव्हा संपलेला होता. म्हणतात, छातीत कळ आली. मी त्याचे तळवे बघितलेत मावशी. तीन वाजता त्याला जाळणार आहेत. घरच्यांना येऊ देत नाहीत. पेपरवाल्यांना आत्ता कळलं नाही तर राख बघायला येतील."

तिने रिसीव्हर उचलला. तिचा हात थंड होता, आणि ओला.

"थांब पोरी." चतुराबाईंनी तिचं मनगट धरलं. "ही वही ते घेऊन जातात. उमाजीला हिनंच पकडून दिलं. म्हणजे मीच."

रूपालीने रिसीव्हर खाली ठेवला. "दुसऱ्या बूथवर जाऊ?"

"सगळीकडं अशीच वही आहे. आणि न लिहून चालत नाही. आकडा त्यांच्याकडं पोचतो."

मागून उत्तमराव म्हणाले, "लिही चतुरा. जे खरं आहे ते लिही. लायसन गेलं तर या पायानं मी कुठं जाऊ?"

बाई त्यांच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. रूपालीला म्हणाल्या, "तू बोल. तुझं नाव सांगू नको. बोलून झालं की मागच्या गल्लीनं सरळ कामावर जा."

रूपाली बोलली. मी माझ्या आयुष्यात इतक्या जपून कोणाचे शब्द नेले नाहीत. तळवे, पोटऱ्या, तीन वाजता, स्मशानाचं नाव. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "निघतो." बस्स.

ती गेल्यावर चतुराबाईंनी वही ओढली. माथ्यावर 'जय भीम' लिहिलं. मग पेन थांबलं. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं आणि उत्तमरावांची कुबडी फरशीवर टकटक करत होती. बाई लिहू लागल्या. एकेक अक्षर, सावकाश.

चार वाजता पांढरे बूट आले. आज बरोबर दोघं होते. साहेबाने चिठ्ठी काढली.

"बारा बीस. पेपर के दफ्तर में. कौन था?"

चतुराबाईंनी वही त्याच्यासमोर फिरवली. त्याला मराठी वाचता येत असे, म्हणूनच त्याला आमच्याकडे पाठवला होता. तो वाचू लागला आणि त्याचा चेहरा बदलला.

'बारा वीस. चतुराबाई उत्तमराव हिने केला. बोलली की, आमच्या ओळखीचा यादगिरी ठाण्यात मेला. कसा मेला ते येऊन विचारा.'

"बुढ्ढी, झूट नक्को बोल. तेरे को कौन सिखाया?"

"लिहायला? शिकले मी. बोलायला कोणी शिकवावं लागत नाही."

साहेब उत्तमरावांकडे वळला. "तुम बोलो. सच्चे आदमी हो."

उत्तमराव खरंच सच्चे होते. खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कुबडी घट्ट धरली. "हौ साब. फोन इसीच ने करी. मैं इधरीच बैठा था."

चतुराबाईंना घेऊन गेले. जाताना त्यातल्या एकाने माझी तार चाकूने कापली. रिसीव्हर खाली पडला, तडा तेव्हाचा. एवढं आठवतं, मग माझ्यात आवाज आला नाही.

पुढचं मी बाईंच्या घरी आल्यावर ऐकलं. पेपरवाले पावणेतीनला स्मशानात पोचले होते. फोटो निघाले, चार ओळी छापल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर हमालांची एवढी गर्दी झाली की बाईंना सोडावं लागलं. त्यांचा उजवा हात पुढे कधी नीट मिटला नाही. बूथ गेला. यादगिरीचं काय झालं हे कोणी कबूल केलं नाही. रूपाली अजून नर्स आहे. तिचं नाव कुठल्याही वहीत नाही.

चतुराबाई आता डाव्या हाताने लिहितात. गल्लीतल्या बायकांची पत्रं, अर्ज. पण पेन उचलण्याआधी विचारतात, "हे कोण वाचणार आहे?" मित्रांनो, तुमच्या खिशात आता छोटे फोन येऊ लागलेत. कोणी गोड बोलून तुमच्या हातात वही दिली, शेजाऱ्याचं नाव मागितलं, तर माझ्या बाईंसारखं आधी विचारा. उशिरा शिकलेली ही गोष्ट तुम्ही लवकर शिका.

उमाजी अधूनमधून येतो. चहा पितो, माझ्यावरची धूळ पुसतो आणि तुटका रिसीव्हर कानाला लावून पहिल्यासारखा मोठ्याने ओरडतो, "हॅलो, परभणी!"

"मेलेला फोन आहे तो, येड्या," चतुराबाई आतून म्हणतात.

"म्हणून तर बोलतो अक्का," तो म्हणतो. "ह्याच्यावर कोणी ऐकत नाही."