रविवारची डिस्क

"आधी चहा तरी घ्या बाबा, डिस्क काही पळून जात नाही," सून म्हणाली. पण मुलाच्या घरी आल्या आल्या म्हाताऱ्याने पिशवीची नाडी सोडायला घेतलीच होती.

पिशवी बायकोने उशीच्या जुन्या अभ्र्यातून शिवलेली, बरोबर डिस्कच्या मापाची. घरचा कॉम्प्युटर चार दिवसांपूर्वी टकटक आवाज करत बंद पडला, तो पुन्हा उठलाच नाही. दुरुस्तीवाल्याने हात झटकले. "यातून काही निघायचं नाही, काका. बॅकअप असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा."

बॅकअप होता, याच डिस्कवर. म्हातारा उभा जन्म पंप दुरुस्त करत आलेला, कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण बायकोने शिकवलं होतं, "रविवारी आंघोळ झाली की ही वायर इथे लावायची. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की काढायची. मी नसले तरी." ती गेली, त्यानंतरही त्याने एक रविवार चुकवला नव्हता.

शेवटच्या आजारपणात ती त्याच्यासाठी कॉम्प्युटरवर बोलून ठेवायची. माइक उशाशी घेऊन, दम लागला की थांबत. किती बोलली होती देव जाणे. त्यातलं एकच त्याने ऐकलं होतं, तेही ती गेल्यावर. "अहो, ऐकताय ना? लोकरीचे कपडे गरम पाण्यात घालू नका, आकसतात. आणि आता शेजारणींपुढे माझं कौतुक करत बसू नका. जिवंतपणी कधी केलं नाहीत." तो मोठ्याने हसला आणि मग दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. पुढचं ऐकायचा धीर झाला नाही. असू दे, आहेच की, असं म्हणत वर्ष गेलं. आता धीर आला, तर कॉम्प्युटर गेला.

"रिस्टोअर कर," तो मुलाला म्हणाला. हा शब्द तो दुरुस्तीवाल्याकडून पाठ करून आला होता.

"अख्खं रिस्टोअर केलं तर माझं सगळं पुसून तुमचा कॉम्प्युटर इथे येऊन बसेल, बाबा. नुसतं उघडायचं आणि हवं तेवढं काढून घ्यायचं."

"घे मग. 'ह्यांच्यासाठी' असं नाव आहे बघ."

मुलगा उघडत गेला. विजेची बिलं निघाली. पेन्शनचे कागद निघाले. पंपांचे फोटो तर ढिगाने. शेवटच्या रविवारच्या बॅकअपमध्ये 'ह्यांच्यासाठी' कुठे दिसेना.

"त्याच्या आधीच्या रविवारचं बघ."

"बघितलं."

"त्याच्याही आधीचं?"

मुलगा माउस नुसताच इकडेतिकडे फिरवत राहिला. सून चहा घेऊन आली. "काय सापडत नाहीये?"

"तुझ्या सासूचं बोलणं."

"ते तर तूच काढून टाकलंस ना रे मागे?" ती नवऱ्याला म्हणाली आणि जीभ चावली.

मुलाने मान वर केली नाही. "तुम्ही जेवत नव्हतात, बाबा. दिवसभर त्या खुर्चीत बसून. म्हटलं, कॉम्प्युटरवर डोळ्यांसमोर नको. डिस्कवर आहेच, सावरलात की परत घालून देऊ."

"मग डिस्कवर का नाही?"

"डिस्क भरली की ती आपोआप सगळ्यात जुनं पुसते. नव्याला जागा हवी ना. आईचं ज्यात होतं ते सगळे बॅकअप एकेक करत गेले. तुम्ही दर रविवारी..."

सुनेला मात्र आत्ता उलगडा झाला होता. "अगंबाई! म्हणजे बाबांनी लावलीच नसती, तर राहिलं असतं?"

पुसलेलं शोधणारं एक सॉफ्टवेअर मुलाने लावलं. ते दुपारभर चाललं. म्हातारा खुर्ची सोडून उठला नाही. चहावर साय धरली. शेवटी काही फाइल वर आल्या तसा तो पुढे वाकला. पंपांचेच फोटो होते. एका फोटोत त्याचा स्वतःचा अंगठा.

"इतके फोटो कशाला काढायचे म्हणते मी!" सून हसायला गेली.

निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, ही डिस्क इथे राहू दे? कॉम्प्युटर तर तुमचा गेलाच. मला ऑफिसचं ठेवायला जागा कमी पडतेय."

"ठेव." म्हाताऱ्याने वायरही त्याच्या हातात दिली.

"पिशवीही असू द्या ना, धूळ बसेल," सून म्हणाली.

"पिशवी नाही."

रविवारी आंघोळ करून तो सवयीने बंद कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. रिकामी पिशवी टेबलावर ठेवली, तळव्याने सपाट केली. दिवा लुकलुकायचा थांबायला जेवढा वेळ लागायचा, अंदाजाने तेवढा वेळ बसला.

मग उठून न्हाणीघरात गेला. बादली नळाखाली धरली, पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि आपला लोकरीचा स्वेटर गार पाण्यात भिजत घातला.